कापणीचा रंग

आमच्या दुकानात बाकीच्या रंगांना कप्पे आहेत, हिरव्याला मात्र अख्खी भिंत. कसबा पेठेतल्या आमच्या बोळात सासऱ्यांनी हे मॅचिंगचं दुकान थाटलं तेव्हापासून ती भिंत तशीच आहे. पोपटी, पिस्ता, मेंदी, शेवाळी, रामा, बाटली, मोरपंखी, आणि ज्यांना अजून कुणी नाव ठेवलेलं नाही असे कितीतरी हिरवे. गिऱ्हाईक साडीचा पदर काउंटरवर पसरतं, आम्ही ब्लाउजपिसांचे गठ्ठे काढतो आणि मग सगळ्यांनी मिळून पायरीवर जायचं. हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. ट्यूबलाइटखाली एकही रंग खरं बोलत नाही. तशी पाटीच लावली आहे: 'रंग बाहेर उजेडात पाहून घ्यावा. घरी नेल्यावर वेगळा दिसल्यास घर बदलावे, कापड बदलून मिळणार नाही.' पहिलं वाक्य सासऱ्यांचं, दुसरं आमच्या ह्यांचं.

परवा सकाळी एक मुलगी आली. गळ्यात कंपनीचं कार्ड, पाठीला सॅक, प्रचंड घाई. साडी तिच्या आईची होती, जुनी, रेशमी. रंग हिरव्यातून पिवळ्याकडे निघालेला, पण अजून न पोचलेला.

"काकू, मला एक्झॅक्ट हीच शेड हवीये. थोडी इकडे तिकडे नको."

मी साडी पायरीवर नेली, उन्हात धरली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हा घट उठल्यानंतरचा."

"म्हणजे?"

"म्हणजे दसरा झाल्यावर भाताला पिवळं सुटायला लागतं ना, तेव्हाचा."

"ओके… पण शेडकार्डवर नंबर काय त्याचा?"

गल्ल्यावरून हे म्हणाले, "आहे ना नंबर. गट नंबर. सातबारा घेऊन या, लगेच देतो."

ती बिचारी हसावं की रागवावं अशा पेचात पडली. पण पीस सापडला. हिरव्या भिंतीच्या अगदी शेवटच्या गठ्ठ्यात, वरून तिसरा. ती खूश होऊन गेली, आणि मी त्याच ताग्यातला दुसरा पीस हातात घेऊन पायरीवरच बसून राहिले. आमच्या बोळात ऊन फार वेळ थांबत नाही. जेवढं येतं तेवढं वापरून घ्यावं लागतं.

तेवढ्यात फोन वाजला. माझा धाकटा भाऊ बाळू.

"ताई, मशीनवाला उद्या सकाळी येतोय. म्हणतो, उद्या कापलं तर कापलं, नायतर मग दिवाळी झाल्यावर बघू. आईला विचारलं."

"मग?"

"म्हणली, तुमचं तुमी बघा. मला नका इचारू." बाळूने आवाज खाली आणला. "ताई, तू येती का?"

या एवढ्याशा बोलण्यात काय भरलं होतं ते बाहेरच्याला कळायचं नाही, म्हणून सांगते. आमच्या घरात भाताला विळा कधी लावायचा हे आई ठरवायची. दादा, म्हणजे माझे वडील, नांगर धरत, चिखलणी करत, बांध घालत. पण कापणीचा दिवस त्यांनी कधी सांगितला नाही. आई बांधावर उभी राहायची, सूर्य पाठीशी घ्यायची, पदर कपाळावर ओढायची आणि बघायची. शेजारचे लोक दाणा दाताखाली फोडून बघत. आई म्हणायची, "दात लावायचं काम ज्याला डोळं नायीत त्याचं." मग ती म्हणायची, "उद्या." किंवा म्हणायची, "अजून नाय." तिने 'उद्या' म्हटलं की संध्याकाळी दगडावर विळे घासल्याचा आवाज आमच्या ओटीवरच नव्हे, शेजारच्या घरांमधूनही यायचा. तिच्या शब्दावर आजूबाजूची खाचरं कापली जायची. आणि आज तीच आई म्हणत होती, मला विचारू नका.

हे म्हणाले, "जा तू. दुकान मी बघतो. हिरवा मागितला तर 'मालकीण शेतावर गेली आहे' सांगेन. पटेलच लोकांना."

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर हिंजवडीला जाणाऱ्या बसमध्ये मला खिडकी मिळाली. तिथे पोचायला आता जेवढा वेळ लागतो तेवढ्यात एखाद्या माणसाचं अख्खं बालपण आठवून होतं. कंपन्यांच्या बसगाड्या एकीला एक लागून उभ्या होत्या आणि त्यांच्या काचांमधून झोपलेली माणसं दिसत होती. मला त्याचा वैताग येत नाही. बसल्या जागी मी आमचं शिवार लावत बसते. इथे मोठं खाचर होतं, इथे चिंच, इथून पुढे वरकस, म्हणजे माळाची हलकी जमीन, तिथे ओढा. आमच्या घराण्याची जमीन होती तिथे आता बऱ्याच काचेच्या इमारती आहेत. ओढ्याकाठचं एकच खाचर राहिलं आहे, आणि बाळू ते दर वर्षी लावतो. त्याच्या समोरच्याच इमारतीत सातव्या मजल्यावर तो राहतो. आईही त्याच्याकडेच असते.

लहानपणी आमचं वर्ष काळ्यापासून सुरू व्हायचं. लोक म्हणतात वर्ष गुढीपासून सुरू होतं, आमचं राबापासून. होळीच्या आसपास खाचराच्या एका उंचशा कोपऱ्यात शेण पसरायचं, त्यावर झाडांच्या छाटलेल्या डहाळ्या, त्यावर पालापाचोळा, वाळलेलं गवत, आणि सगळ्यांत वर बारीक मातीचा थर. वारा पडला की एका बाजूने पेटवून द्यायचं. ज्वाळा उठू द्यायच्या नाहीत. आतल्या आत धुमसत राहिलं पाहिजे. तो वास अजूनही मला कुठेही ओळखता येतो: शेणाचा, पाल्याचा आणि भाजलेल्या मातीचा. बाकी सगळी खाचरं त्या वेळी राखाडी, भेगाळलेली, कापणीनंतर उरलेल्या भाताच्या धसांनी खरखरीत झालेली. आणि मधेमधे हे काळेभोर चौकोन. आई म्हणायची, जेवढं काळं तेवढं पुढं हिरवं. रोपं याच काळ्यात टाकायची असत. आम्ही पोरं राबाच्या कडेने अनवाणी फिरायचो, आणि संध्याकाळी आमचे पाय बघून आई ओरडायची.

त्या काळ्यातून जो हिरवा येतो तो मला आजवर कापडात सापडलेला नाही. पोपटी म्हणतात त्याला, पण पोपटी त्याच्यापुढे म्हातारा दिसतो. बोटभर उंचीची रोपं, इतकी दाट की मधे करंगळी जाणार नाही. आजूबाजूला सगळं अजून मातकट आणि मधोमध हा चौकोन. शाळेतून येताना लांबूनच दिसायचा, आणि दिसला की आम्ही पळत सुटायचो. का, ते विचारू नका. खायला काही मिळणार नसायचं.

आणि मग आईचा प्रश्न. दप्तर टाकलं, हातपाय धुतले, भाकरी पुढ्यात आली, की ती विचारायची, "खाचर कसं दिसलं?"

एकदा मी म्हटलं, "हिरवं."

"हिरवं तर बेडूकबी असतंय. मी खाचराचं इचारलं."

तेव्हापासून मी येताना बघत यायला लागले. उत्तर चुकलं तर भाकरी काही कमी मिळत नसे, पण बरोबर आलं की आई मान हलवायची, आणि ती मान हलणं मला हवं असायचं. कालच्यापेक्षा आज काय वेगळं, हे सांगायचं असे. पहिल्यांदा तर काहीच वेगळं दिसत नाही. मग एक दिवस दिसतं, आणि एकदा दिसायला लागलं की ते थांबत नाही.

आषाढात खाचरात पाणी कोंडलं की रंग जायचा तो पारच. चिखलणी झाली की सगळं चहाच्या रंगाचं, आणि त्यात ढग उलटे. बायका ओळीने वाकून रोपांच्या मुठी सोडायच्या आणि एकेक चूड चिखलात खोवत मागे मागे सरकायच्या. याला आमच्याकडे आवणी म्हणतात. पाठीवर प्लास्टिकच्या खोळी, त्यावर पावसाचा तडतड आवाज, आणि त्या आवाजातही एकमेकींच्या सासवांची उणीदुणी व्यवस्थित ऐकू जायची. आवणी झाल्यावर रोप आजारी पडतं, हे नवख्याला माहीत नसतं. आठवडाभर ते पिवळट, मलूल, मान टाकलेलं असतं. मला ते पहिल्यांदा कळलं तेव्हा मी रडले होते. सगळं मेलं म्हणून घरी येऊन सांगितलं. आई म्हणाली, "नवं घर हाय त्याचं. रुळल."

मी लग्न होऊन कसब्यात आले तेव्हा पहिला आठवडा मला हेच वाक्य आठवत होतं.

लग्नाचीही गंमतच. बघायला आले तेव्हा सासऱ्यांनी मला स्वयंपाकाचं काही विचारलं नाही. त्यांनी सासूबाईंच्या साडीचा काठ पुढे केला आणि म्हणाले, "सांग बरं, हा कुठला हिरवा?" मी म्हटलं, "आवणी रुळल्यावर श्रावणात होतो तो. काळा हिरवा." दादांना वाटलं, गेलं हे स्थळ. सासरे मोठ्याने हसले आणि म्हणाले, "आमच्याकडे याला बाटली म्हणतात. पण तुझं नाव बरं आहे." पुढे दुकानात मी उभी राहिले ती त्या काठामुळे. ह्यांचं म्हणणं, मी त्यांना नव्हे, भिंतीला पसंत पडले.

श्रावणाचा तो काळा हिरवा तसाच बरेच दिवस असतो. वारा आला की खाचरातून एक फिकट लाट जायची, कारण पात उलटली की खालची बाजू दिसते. बांधावर तेरडा गुलाबी व्हायचा, कुर्डूचे तुरे यायचे, वरच्या वरकसावर कारळ्याचं पिवळं पसरायचं. मग भात पोटरीत यायचा आणि गणपतीच्या सुमाराला फुलायचा. भाताचं फूल कुणी बघत नाही. लोंबीवर पिठाची चिमूट भुरभुरावी एवढंच ते असतं. पण आमच्याकडे तेव्हा आंबेमोहोर होता. संध्याकाळी वारा पडला की शिवारभर तो वास उतरायचा, आणि घरात काहीही शिजत नसताना भूक लागायची. दादा त्या दिवसांत जेवण झाल्यावर उगाच बांधावर जाऊन बसत. विचारलं तर म्हणत, पाणी बघतोय.

आणि मग आश्विन. हा महिना आईचा. एकाच खाचरात सात प्रकारचं पिवळं आणि नऊ प्रकारचं हिरवं असायचं. बांधालगत लवकर पिकतं, मधे पाणी साचतं तिथे उशिरा. लोंबी शेंड्याकडून पिकत येते आणि देठापाशी शेवटी. देठाजवळचे दाणे हिरवे असताना कापलं तर तांदूळ कच्चा. सगळे पिकेपर्यंत थांबलं तर दाणा शेतातच गळतो. या दोन्हींच्या मधे जो दिवस असतो तो आईला दिसायचा. तिला तो कसा दिसायचा, हे तिने कधी सांगितलं नाही. मी विचारलं होतं. म्हणाली, "बघत ऱ्हा."

कापणीनंतरचे दिवसही मला फार आवडत. पेंढ्याचा वास, झोडणीचा धप्‌ धप्‌ आवाज, अंगाला सुटलेली खाज, आणि ओल असेतो त्याच जमिनीत टोकलेला हरभरा. थंडीत त्याला बारीक जांभळी फुलं यायची. त्याच्या पानांवरची आंब पहाटे फडकं फिरवून गोळा करायची आणि ते फडकं पिळून बाटलीत भरायची. पोट दुखलं की तीच. त्यानंतर सगळं पुन्हा राखाडी, आणि मग पुन्हा काळं. असं वर्ष फिरायचं. माझ्या आयुष्यात त्यानंतर बऱ्याच चांगल्या गोष्टी आल्या, पण वर्ष इतकं स्वच्छ दिसेल असं परत काही आलं नाही.

गेल्या वर्षी कोजागिरीच्या सुमाराला आई बांधावर गेली, सूर्य पाठीशी घेतला आणि म्हणाली, "उद्या."

बाळूला जरा लवकर वाटलं होतं. त्याच्या बायकोलाही वाटलं होतं. पण आईने म्हटलंय म्हटल्यावर कोण बोलणार? आमच्या घरात ते कुणाच्या डोक्यातच येत नाही. मशीन आली, कापलं, झोडलं, वाळवलं, गिरणीत नेलं, आणि अर्ध्याच्या वर कणी झाली. उरलेला तांदूळ पांढुरका, खडूसारखा. बाळू घरी येऊन म्हणाला, "गिरणीवाल्यानं वाट लावली पार. त्याचा पट्टाच ढिला." त्याच्या बायकोने री ओढली. मी भेटायला गेले तेव्हा मीही ओढली. वर्षभर त्या घरात कणीचा मऊ भात झाला आणि वर्षभर सगळ्यांनी तो चांगला म्हणून खाल्ला. आईने निवडायला सूप मांडीवर घेतलं की ती कणी चाचपत राहायची. तिला दिसत नव्हतं, पण बोटांना कळत होतं. त्यानंतर ती खाचराकडे गेली नाही. आवणीला नाही, खुरपणीला नाही. तिच्या खोलीची खिडकी नेमकी खाचरावर उघडते. तिथे तिने पडदा ओढून घेतला.

या श्रावणात चार दिवस माझ्याकडे राहायला आली. दुकानात बसली होती. म्हणाली, "मला एक पांढरा पीस दे गं. बाळूच्या बायकोनं पांढरी साडी आनलीय, हिरव्या काठाची." मी दिला. ती म्हणाली, "हा मोतिया हाय. पांढरा दे." मी दुसरा काढला. "ह्यो बी मोतियाच." मी तिला हाताला धरून पायरीवर आणलं आणि भर उन्हात पांढराशुभ्र पीस तिच्या हातात दिला. तिने तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, आणि म्हणाली, "लई दिस दुकानात पडून पिवळा पडलाय. नवीन माल ठेवत जावा." आमच्या ह्यांना अशा वेळी काहीतरी सुचतंच. त्या दिवशी सुचलं नाही. ते उठून आले आणि म्हणाले, "आई, उद्या आपण जरा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन येऊ."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते. किती वर्षांपासून ती सगळं जग पिवळ्या काचेतून बघत होती कोण जाणे. मला त्या क्षणी गेल्या वर्षीचं खाचर समजलं. तिने ते पिकलेलंच पाहिलं होतं.

दोन्ही ऑपरेशनं नीट झाली. पट्टी काढली तेव्हा तिने पहिल्यांदा समोरची भिंत पाहिली आणि म्हणाली, "आगं बया, ही निळी हाय व्हय?" मग परिचारिकेचा कोट, खिडकीचा गज, माझी बांगडी. रिक्षातून येताना ती सगळ्यांचे रंग मोठ्याने सांगत होती. रिक्षावाला म्हणाला, "आजी, सिग्नल कोणता लागलाय तेवढा सांगा, मी बघत नाही." ती खळखळून हसली. मला वाटलं, झालं सगळं ठीक. पण बाळूकडे परत गेल्यावर तिने पडदा काही सरकवला नाही. डॉक्टरांनी उन्हाकडे बघू नको म्हणून सांगितलंय म्हणाली. ते पहिल्या आठवड्यापुरतं होतं. महिना उलटून गेला होता.

मी पोचले तेव्हा बाळू फाटकाशीच उभा होता. मशीनवाला खाली खाचराशी आला होता, कापणीचं छोटं यंत्र टेम्पोतून उतरवून.

आईच्या खोलीत गेले. ती पलंगावर बसली होती, काळा चष्मा लावून, खोलीत.

"आई, खाली चल."

"माझं काय काम हाय?"

"रंग बघायला."

"बघितला की गेल्या साली," ती म्हणाली. "वरीसभर कणी खाल्लीत माझ्यापायी. कोन कायबी बोललं नाय. त्यो बाळू, गिरणीवाल्याला शिव्या घालतो. मला काय कळत नाय व्हय?"

मी खरं तेच बोलले. "आई, भात मऊ होता. मला आवडला."

"खोटारडी," ती म्हणाली, पण उठली.

ओढ्याकाठच्या बांधावर आम्ही तिघं आणि मशीनवाला उभे राहिलो. पलीकडे काचेच्या इमारती, त्यांच्यात ऊन सगळीकडून चमकत होतं. एका बाजूने बसगाड्यांचे हॉर्न आणि एका बाजूने पाणकोंबडीचं ओरडणं. आणि मधे ते खाचर. मी कितीतरी वर्षांनी या दिवसांत तिथे आले होते. दिवाळीच्या आधी आमचं दुकान मला सोडत नाही. भातावर सकाळचं दव होतं, आणि वाऱ्याबरोबर पिकत्या पेंढ्याचा तो कोरडा, गोडसर वास आला. त्या वासाने मला इतकं बरं वाटलं की मी कशासाठी आले आहे हेच क्षणभर विसरले. मी फक्त खूश होते.

आईने चष्मा काढला. पदर कपाळावर ओढला. बघत राहिली. इतका वेळ बघत राहिली की मशीनवाला चुळबुळायला लागला.

"मावशी, सांगा की. मला फुडं दोन जागी जायचंय."

आई माझ्याकडे वळली. "तू सांग."

"मी? तुझे डोळे आता माझ्यापेक्षा चांगले आहेत."

"चांगले हायेत. पन नवे हायेत. त्यांनी अजून एकबी साल बघितलं नाय. समदं चमकतंय मला, समदंच ताजं दिसतंय. ह्यात काय पिकलंय आन काय नाय, ते मला ह्या साली नाय कळायचं." तिने माझा दंड धरला आणि मला पुढे केलं. "तुझे जुने हायेत. सांग."

आमच्या घरात लग्न होऊन गेलेल्या मुलीला साडी देतात, नारळ देतात. हे कुणाला देत नाहीत. मी सूर्य पाठीशी घेतला. बांधालगत तयार झालं होतं, सोन्यासारखं पिवळं, कुणालाही फसवील असं. त्याच्या आत लिंबाच्या रंगाचं. आणि ओढ्याकडे, जिथे पाणी उशिरा आटतं, तिथे एक लांब पट्टा होता, वरून पिवळा आणि आतून, अगदी देठांपाशी, अजून ओला हिरवा. वारा आला की तो पट्टा बाकीच्यापेक्षा जरा जड हलत होता. चूक झाली तर पुन्हा वर्षभर कणी. आणि थांबावं तर परतीचा पाऊस एका संध्याकाळीत सगळं आडवं करतो. मी परत बघितलं. तो हिरवा होताच.

"अजून नाही," मी म्हटलं. "ओढ्याकडचा पट्टा कच्चा आहे. आठवडा तरी हवा."

मशीनवाल्याने बाळूकडे पाहिलं. बाळूने आईकडे पाहिलं. आई खाचराकडे बघत नव्हतीच, माझ्याकडे बघत होती.

"ऐकलं न्हवं?" ती मशीनवाल्याला म्हणाली. "जा तू."

"मावशी, मग दिवाळीपातुर मी काय यायचो नाय, सांगून ठेवतो."

"नको येऊस. इळे हायेत घरात."

बाळू म्हणाला, "आई, आता कोण विळ्याने कापतंय?"

"तू," आई म्हणाली. "आन ही. आन हिचा नवरा. नुसता गल्ल्यावर बसून बोलत असतो, जरा वाकू दे."

मशीनवाला हसत हसत यंत्र टेम्पोत चढवायला गेला. बाळू डोकं खाजवत त्याच्या मदतीला गेला, आणि बांधावर आम्ही दोघीच उरलो. आईने चष्मा परत लावला नाही. खाली वाकून तिने बांधावरचं थोडं गवत उपटलं, ओढ्यात टाकलं आणि हात पदराला पुसले. पाऊस येईल की नाही, आठवड्याने तो पट्टा पिकेल की मी चुकले असेन, यातलं काही ती बोलली नाही.

"नुसतं शेवटाला येऊन रंग सांगायचा, हे काय खरं नाय," ती म्हणाली. "फुडल्या साली राब भाजायच्या टायमाला ये. मंग आवणीला ये. समदं बघावं लागतंय."

"येते," मी म्हटलं. दुकानाचं काय करायचं, हे त्या वेळी माझ्या डोक्यातही आलं नाही.